रोज कॉलेजात जाणारी मुलगी

आमच्या कॉलेजात बारावी सायन्सला साठ विद्यार्थी होते आणि त्यातली मी एकटीच कॉलेजात जात होते. हे सांगितलं की लोकांना विनोद वाटतो. विनोदच आहे, फक्त तो माझ्यावर झाला.

बाकीची पोरं कुठं होती हे आमच्या भागात कुणाला सांगायला नको, तरी सांगते. ती लातुरात आणि नांदेडात होती. डॉक्टर व्हायचं तर क्लास लावावा लागतो, क्लास दिवसभर चालतो, आणि बारावीला बसायचं तर कुठल्यातरी कॉलेजात नाव असावं लागतं. मग नाव आमच्यासारख्या आडबाजूच्या कॉलेजात घालायचं आणि पोरगं शहरात ठेवायचं. क्लासवाले खूश, आईबाप खूश, आणि कॉलेज सगळ्यांत खूश. हातात खडू न धरता निकाल शंभर टक्के लागायचा, आणि निकालाच्या दिवशी प्राचार्य स्वतः पेढे वाटायचे.

कॉलेज इस्लापूरच्या अलीकडं, रस्ता सोडून आत, संस्थेच्या अध्यक्षांच्या शेतात होतं. पुढं कापूस, मागं सागाचं रान, आणि मधे निळ्या रंगाची दुमजली इमारत. माझ्या बाबांनी तिथली पाटी वाचली आणि घरी येऊन मायला म्हणाले, "लातूरला ठेवायची म्हणलं तर तुला बी संगं जावं लागंल. इथं सायन्स हाय, पोरगी सांजच्याला घरी येती. अजून काय पाह्यजे?" पाटीवर लिहिलंय म्हणजे आत शिकवत असतील, असं समजायची चूक आमच्यासारख्यांनाच जमते. शहाण्या लोकांना पाटी कशासाठी असते ते ठाऊक असतं.

पहिल्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर दाराला कुलूप होतं. शिपाई अध्यक्षांच्याच वावरात पाणी देत होता. तो येऊन माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "तू कशाला आलीस गं?" मी म्हटलं, कॉलेजला. त्यानं कुलूप काढलं. पुढं त्याला सवय झाली.

बायोलॉजीच्या मॅडम होत्या. त्या कंत्राटी होत्या, किनवटहून यायच्या, आणि एवढ्या मोठ्या वर्गात माझ्या एकटीसमोर उभ्या राहून हृदयाची आकृती काढायच्या. मला त्या फार आवडायच्या. फिजिक्सचे सर आमच्या कॉलेजचा पगार घ्यायचे आणि नांदेडात क्लासमध्ये शिकवायचे. म्हणजे आमच्याच वर्गातल्या पोरांना आमचेच सर फिजिक्स शिकवत होते, फक्त नांदेडात. मी कॉलेजात जायची म्हणून तेवढी मी राहिले. सर सह्या करायला यायचे तेव्हा मी वही घेऊन उभी राहायची. ते म्हणायचे, "पुढच्या वेळेला बघू." उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिलेत, पण या सरांची शेळी एकच होती आणि तीही त्यांना हाकवत नव्हती.

कॉलेजचे बाबू हजेरीचं रजिस्टर मलाच द्यायचे. माझं अक्षर बरं होतं आणि त्यांना कंटाळा होता. मी रोज सगळ्या वर्गाला हजर लावायची. कधी न पाहिलेल्या पोरांची नावं मला तोंडपाठ झाली होती. रिकाम्या बाकांकडं बघून वाटायचं, या बाकावर अमकी बसत असेल, तिच्याशी माझं पटलं असतं. अशा बिनतोंडाच्या मैत्रिणी मी खूप केल्या.

बारावीच्या दिवाळीनंतर मूल्यांकनाचं वारं आलं. कुठली शाळा-कॉलेजं पोरांना पुढच्या शिक्षणाला आणि नोकरीला तयार करतात ते आता वरून मोजणार, प्रत्येकाला श्रेणी देणार, आणि श्रेणी चांगली तर तुकडी वाढवून मिळणार. निकाल किती, हजेरी किती, प्रयोगशाळा आहे का, प्रवेश परीक्षेला किती पोरं बसतात, सगळं मोजणार. आमच्याकडं कापूस विकायला नेताना काही लोक त्यावर पाणी मारतात. काटा बरोबर असतो, वजनही बरोबर भरतं. कॉलेजात मी तेच होताना बघितलं. भिंतींना रंग लागला, डॉक्टर-इंजिनिअरची चित्रं काढली, आणि ठरल्या दिवशी क्रूझर गाड्या भरभरून माझा वर्ग आला.

कडक इस्त्रीचे नवे गणवेश घालून ती उतरली. माझाच गणवेश तेवढा विटका. एका मुलीनं मला हळूच विचारलं, "बाथरूम कुठंय गं इथं?" मी तिला घेऊन गेले. तिचं नाव मी रोज लिहीत होते. तिला तसं सांगितलं तर ती घाबरल्यासारखी बघायला लागली.

मोजायला आलेल्या समितीत एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी वर्गात येऊन विचारलं, "रोज कोण कोण येतं?" सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. मग त्या म्हणाल्या, "छान. चला, मला तुमची प्रयोगशाळा दाखवा." कुणी उठेना. पढवताना बाकी सगळं पढवलं होतं, प्रयोगशाळा कुठं आहे एवढं राहिलं होतं. पोरं एकमेकांकडं बघायला लागली आणि दारात उभ्या असलेल्या प्राचार्यांचं तोंड उतरलं. मी उठले. म्हटलं, "या बाई, वर हाय."

मी त्यांना जिना चढून वर नेलं, मायक्रोस्कोप काढला, कांद्याची साल कशी लावायची ते दाखवलं, कुठली खिडकी लागत नाही तेही सांगितलं. बाई खूश झाल्या. फोटोवाल्यानं मायक्रोस्कोपला डोळा लावलेला माझा फोटो काढला. गाड्या गेल्यावर प्राचार्यांनी सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, आज तू कॉलेजची लाज राखलीस," म्हणाले. त्या दिवशी मी घरी जवळजवळ पळतच गेले. बाबांनी ती गोष्ट माझ्याकडून दोनदा ऐकली. आम्हाला श्रेणी वरची मिळाली.

मग सराव परीक्षा झाली आणि मी फिजिक्समध्ये नापास झाले. कशी होणार नाही? पण आता कॉलेजची श्रेणी वरची होती, आणि ती टिकवायची तर शंभराचा टक्का अठ्ठ्याण्णवावर येऊन चालणार नव्हता. कामापुरता मामा आणि ताकापुरती आजी. ताक पिऊन झालं होतं.

प्राचार्यांनी बाबांना बोलावून घेतलं. बाबा धुतलेलं धोतर नेसून आले. त्यांना वाटलं सत्कार असेल.

"हिला हॉल तिकीट देता येणार न्हाई," प्राचार्य म्हणाले. "हजेरी भरत न्हाई."

"कुणाची?"

"हिचीच."

बाबा थोडे हसले. "साहेब, कुठंतरी चुकून राहिलं तुमचं. रोज डबा घेऊन निघती ती. पावसात सुदिक खाडा न्हाई केला."

प्राचार्यांनी रजिस्टर पुढं सरकवलं. ते नवंकोरं होतं, पानं अजून एकमेकांना चिकटलेली. अक्षर माझं नव्हतं. सगळा वर्ग हजर होता आणि माझ्या नावापुढं महिन्यामागून महिने लाल रेघा.

"मग जाती कुठं ही?" बाबांनी विचारलं.

"ते तुम्ही तिलाच विचारा की," प्राचार्य अगदी मऊ आवाजात म्हणाले. "वय असं हाय. आम्ही काय बोलावं? लेकीचा बाप तुम्ही."

बाबांनी वळून माझ्याकडं बघितलं. तसं त्यांनी आधी कधीच बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "मी रोज येते बाबा. मॅडमला विचारा." प्राचार्यांनी लगेच मॅडमना बोलावलं. त्यांना ठाऊक होतं, कंत्राट मार्चमध्ये संपतं. मॅडम आल्या, टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "वर्गात इतकी मुलं असतात सर, एकेकीचं कसं लक्षात राहील?"

त्या बाईंनी दोन वर्षं माझ्या एकटीसाठी फळा पुसला होता. प्राचार्यांचा राग मला येतो तो साधा राग आहे, चोराचा येतो तसा. मॅडमचा राग अजून अन्नावरची वासना उडवतो.

शिपायाला बाबांनी फाटकात विचारलं. तो म्हणाला, "आमचं काम कुलूप काढायचं, मालक. कोण येतं कोण जातं, आम्हाला काय ठाव?" यापुढं बाबांनी कुणाला विचारलं नाही. घरची गोष्ट चव्हाट्यावर न्यायची नाही, हा त्यांचा कायदा. गाडीवर मी मागं बसले होते. घरी आल्यावर ते मायला एवढंच म्हणाले, "काकाला सांगून स्थळं बघायला लाव."

माय भांडली. "माझी पोरगी खोटं बोलत न्हाई," म्हणाली. बाबा म्हणाले, "मग काय एवढी शिकलेली मान्सं खोटं बोलून राहिली?" माय चुलीकडं वळली. शिकलेल्या माणसांवर तिचाही तेवढाच विश्वास होता, म्हणून तर मला तिथं घातलं होतं.

परीक्षा झाली. निकाल शंभर टक्के लागला. जूनमध्ये बसस्टँडवर कॉलेजचं फ्लेक्स लागलं, प्रवेश सुरू म्हणून. मी दळण आणायला गेले होते, बघते तर वर मी. मायक्रोस्कोपला डोळा लावलेली, विटक्या गणवेशातली. त्या इमारतीत शिकणाऱ्या माणसाचा त्यांच्याकडं तेवढा एकच फोटो असणार. खाली लिहिलं होतं, नियमित उपस्थिती, उज्ज्वल यश.

दळण तिथंच टाकून मी घरी धावले. बाबांना हाताला धरून आणलं. ते खूप वेळ मान वर करून बघत राहिले. मला वाटलं, झालं, सुटले मी. काकांनी आणलेलं स्थळ मोडेल, मी पुढच्या वर्षी परीक्षा देईन, बाबा परत माझ्याशी बोलतील. एवढ्याशा वेळात मी सगळं मांडून टाकलं.

बाबा म्हणाले, "फोटो एका दिवसाचा असतो, पोरी."

ते दळण उचलून पुढं चालायला लागले.

लग्न झालं, फार टिकलं नाही, ती दुसरी कथा आहे. आता मी नांदेडात क्लासच्या गल्लीत मेस चालवते. बाबा येतात, जेवतात, भाजी चांगली झाली म्हणतात. ते विचारत नाहीत आणि मी सांगत नाही.

गेल्या आठवड्यात एक नवी मुलगी जेवायला बसली होती. फोनवर आईशी बोलत होती, कॉलेजात मूल्यांकन आहे, गाडी येणार आहे, प्रयोगशाळा कुठं ते विचारतात म्हणे. कॉलेजचं नाव ऐकून माझा हात थांबला. तिनं फोन ठेवल्यावर मी तिला सांगितलं, "जिना चढून वर जा, डावीकडचं शेवटचं दार. खिडकी लावायला जाऊ नको, ती लागत न्हाई."

"तुम्हाला काय माहीत, ताई?"

"मी तिथंच होते की. दोन वर्षं रोज जात होते."

ती खळखळून हसली. शेजारच्या मुलीला कोपरानं ढोसून म्हणाली, "ऐकलंस का, ताई म्हणतात, रोज जायच्या."