वर आलेले मासे

काकांना इस्पितळात दाखल केलं, तेव्हा शेजारच्या सुमनकाकू त्यांच्या दोन गोल्डफिशची काचेची टाकी आमच्याकडे ठेवून गेल्या. सुरुवातीला मासे मजेत होते. मग ते सारखे वर येऊन, पाण्याबाहेर तोंड काढून उघडमीट करू लागले. "भूक लागली असेल," म्हणत ह्यांनी चिमूटभर खाणं जास्त टाकलं. ते तळाशी कुजलं, पाणी गढूळलं आणि मासे आणखीच वर आले. त्यांना खाणं नको होतं, श्वास हवा होता. मी थोडं पाणी बदललं, हवेचा पंप लावला, तरी ते खाली जाईनात.

जीव कासावीस होतो, तेव्हा आवाज होतोच असं नाही. समोर बसलेल्यालासुद्धा ते तोंड काहीतरी मागतंय एवढंच दिसतं.

काकूंचा रोज फोन येई.

"मासे कसे आहेत गं?"

"छान आहेत. आणि काका?"

"छान आहेत."

दोघीही तेवढ्यावरच थांबायचो.

आज त्यांनी विचारलं, "मासे कसे आहेत? खरं सांग." आवाज इतका शांत होता, की काकांचं विचारायला माझी जीभ रेटेना.