खुर्ची, घड्याळ, कपबशा

कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघणाऱ्यांपैकी मी. आईच्या भाषेत सांगायचं तर 'जिवाला घोर लावून घेणारी'. अशा मुलीला नोकरी मिळाली तीही दुसऱ्यांच्या गरिबीचं माप काढायची.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. गरीब कुटुंबांना योजनेतून एक म्हैस मिळायची. त्या म्हशीनं घर किती सुधारलं, हे वर्षभरानं आमच्यासारखे तात्पुरते नेमलेले लोक गावोगाव जाऊन पाहायचे. घर अजून दारिद्र्यरेषेखाली असेल तर दुसरी म्हैस मंजूर व्हायची, म्हणजे पहिली आटली तरी दूध चालू राहायचं. घर रेषेच्या वर गेलं असेल तर अभिनंदन, आणि मदत बंद.

कोल्हापूरच्या ऑफिसात फॉर्म वाटताना साहेबांनी एकच मंत्र दिला होता. "विचारत बसू नका. पाहा आणि लिहा. माणसं खोटं बोलतात, वस्तू बोलत नाहीत." फॉर्मच्या मागच्या पानावर वस्तूंची यादी होती. खुर्ची, भिंतीवरचं घड्याळ, कपबशा, स्टीलची भांडी, सतरंजी. दिसेल त्यावर खूण करायची, खुणेला गुण, आणि गुणांवरून रेष. मला तर हायसं वाटलं. डोळ्यांनी पाहायचं म्हटल्यावर चुकणार कुठे?

शाहूवाडीकडच्या एका गावात गल्लीच्या टोकाला ते घर होतं. बाई माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाची. नवरा फांद्या तोडताना झाडावरून पडला होता, तेव्हापासून एक पाय अधू. म्हणजे घर चालवत होती ती गोठ्यातली म्हैस आणि ही बाई.

"यावं पावणं! बसा की," म्हणत तिनं खुर्ची पुढं ओढली. मी बसले. समोर घड्याळ टिकटिकत होतं. खाली सतरंजी. फुलाफुलांच्या कपबशीतून दाट दुधाचा चहा आला. चहा पीत पीत मी खुणा केल्या.

"म्हस आटत आलीया बगा," ती म्हणाली. "म्हैन्या-दोन म्हैन्यात दूध बंद. दुसरी मिळंल न्हवं? ह्यास्नी काय काम हुईत न्हाय. दूध थांबलं तर हिलाच इकाय लागंल."

"फॉर्म वर जातील, मग ठरेल," मी साहेबांच्या आवाजात म्हणाले. नवऱ्याच्या पायासाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता. मी समासात लिहावं की नाही याचा विचार केला आणि लिहिलं नाही.

चार वाजता साहेबांची जीप चावडीपाशी येऊन सगळे फॉर्म घेऊन गेली. माझ्या एसटीला तासभर होता. तेवढ्यात छत्री विसरल्याचं ध्यानात आलं आणि मी परत त्या घराकडे गेले.

दारातून एक माणूस खुर्ची डोक्यावर घेऊन बाहेर पडत होता. आत भिंतीवर नुसता खिळा. बाई पोत्यावर बसून जर्मनच्या भांड्यातून कोरा चहा पीत होती. मला बघून जराही लाजली नाही.

"ही छत्री न्हवं तुमची? ठिवली हुती सांभाळून."

"खुर्ची कुठं चालली?" मी विचारलं.

"गुर्जींची ती. घड्याळ बी त्यांचंच. कपबशा पिंजाऱ्यांच्यातल्या, दूध पल्याडच्या घरचं. अवो, कुणाकडं बी पावणं येऊ द्या, समदी गल्ली घर लावून देती. आमची परात न्हाय का, हर लग्नाला जाती." मग आवाज उतरवून म्हणाली, "आन् पैल्या म्हशीचं ज्यानं सोनं केलं, त्यालाच दुसरी देत्यात म्हणं. मग घर जरा बरं दिसाय नगं?"

एसटीत खिडकीशी बसून मी बोटांवर गुण मोजत राहिले. खुर्ची, घड्याळ, कपबशा, सतरंजी. कितीही वेळा मोजलं तरी घर रेषेच्या वरच जात होतं, आणि तिथं ते मी नेऊन ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधीच मी दारात उभी. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही त्या खुर्चीत बसला होता ना?"

"बसले होते. पण खुर्ची शेजारची होती, साहेब."

"बाई, एक फॉर्म बदलला तर तुमचे सगळे फॉर्म फेरतपासणीला जातील. मग तुम्हाला पुढच्या नेमणुकीची ऑर्डर कुठल्या तोंडानं देऊ? तरी वाटत असेल तर लेखी अर्ज द्या."

घरी वडील निवृत्त झालेले, धाकटी कॉलेजात. अर्ज मी त्याच दुपारी लिहिला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. रोज ऑफिसात जाताना आज देऊ म्हणायची आणि रोज परत आणायची. सरळ सांगते, मी भ्याले. यादी लागली तेव्हा त्या घरापुढे 'सुधारित' असा शिक्का होता आणि अर्ज पर्समध्येच होता.

जेवण जाईना. निदान तोंडानं सांगावं, चूक माझी होती म्हणावं, म्हणून एका रविवारी मी पदरच्या पैशानं तिकीट काढून गेले. बाईनं मला लांबूनच ओळखलं आणि शेजारी हाक घातली, "गुर्जी, खुर्ची द्या वो! बाई आल्यात!"

"खुर्ची नको," मी जवळजवळ ओरडलेच. "मी खाली बसते."

"आसं कसं? आमच्यात पावण्याला भुईवर बसवत न्हाईत."

खुर्ची आली. मी बसले. गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. दूध पंधरवड्यापूर्वीच थांबलं होतं. अर्जाची पर्स मांडीवर घट्ट धरून मी सांगितलं, दुसरी म्हैस मंजूर झाली नाही.

नवरा गोठ्याकडं बघत राहिला. बाईची नजर घरभर फिरली. घरात काय कमी दिसलं असेल, हे ती मनातल्या मनात हुडकत असावी. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. मी पर्सचं बटण उघडलं आणि परत लावलं.

मग ती नवऱ्याकडं वळली.

"मी म्हणत हुते न्हवं तुमास्नी? डेरीवाल्यांचा रेडिओ बी आणाय पायजे हुता."