भाच्याची आखणी

माझा थोरला भाऊ मुंबईला चित्रकला शिकून परत आला आणि पिंपरीतल्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर झाला. डोकं मात्र त्याचं शाळेत कधीच नव्हतं. चित्र भिंतीला कशाला टांगायचं, ते उघड्या रानात, मातीतच असावं, असं तो जेवतानाही सांगत बसायचा. वडील फर्स्ट शिफ्ट करून दमून आलेले असायचे. ते म्हणायचे, "आधी घराच्या भिंतीला रंग दे, मग रानाचं बघू."

रान त्याला मामाकडं मिळालं. भोसरीच्या पुढं, कुरुळीकडं जाणाऱ्या रस्त्याला मामाचं शेत होतं. खाली बाजरीचा तुकडा, वर नुसता दगडगोट्यांचा माळ. दर रविवारी दादा माळावरचे धोंडे गोळा करायचा, चुन्यात बुडवायचा आणि एका ओळीत मांडायचा. ओळ ओढ्यापासून निघून, चढ चढून पलीकडं उतरत होती. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हसलेच. मग ऊन कललं, आणि लहानपणापासून पायाखाली घातलेला तो माळ मला पहिल्यांदा नीट दिसला, कुठं फुगलाय, कुठं खचलाय ते सगळं. दादाला मी हे सांगितलं नाही. तो आधीच शेफारलेला होता.

एकदा शेजारच्या शेतकऱ्यानं त्याला विचारलं, काय चाललंय. दादा म्हणाला, "आखणी करतोय." तो चित्रकाराच्या भाषेत बोलत होता, पण त्या भागात या शब्दाचा अर्थ एकच होता. भोसरीकडं आखणी झाली, पांढरे दगड पडले, आणि बघता बघता शेतांच्या जागी कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. थोड्याच वेळात माळावर माणसं जमली, काहींच्या हातात काठ्या होत्या. एकानं दादाची कॉलर धरली. मामा बाजरीतून पळत वर आला.

"आरं सोडा त्याला. ही सरकारी आखणी न्हाई. माझ्या भाच्याची आखणी हाय."

मग सगळे हसले. मामी म्हणाली, "येवढ्या चुन्यात माझं घर रंगवून निघालं आसतं."

त्या दिवसापासून गावात कुणाच्या ओट्यावर चुना सांडला तरी लोक म्हणायचे, भाच्याची आखणी. पुढं दादाचे मित्र पुण्याहून यायला लागले. पँटी घातलेले, तिपाईवर कॅमेरा लावून तासन्‌तास एका जागी उभे राहणारे. मामी त्यांना पिठलं-भाकरी वाढायची. मामाला त्या ओळीतलं काय कळायचं कोण जाणे, पण गुरांनी दगड कलंडवला की तो उचलून जागेवर ठेवायचा.

दोन-तीन वर्षांनी दादाचं लग्न झालं आणि त्याचे रविवार कमी झाले. अशातच एक दिवस माळावर पँटवाली माणसं आली. तिपाई होती, चुना होता, दगड होते. शेजारी काळजीनं मामाकडं आले. मामा म्हणाला, "काय घाबरू नका. भाच्याचीच मंडळी हायेत." त्यानं मामीकरवी वर ताक पाठवलं. पाहुण्यांना कामाचं काय विचारायचं, म्हणून मामीनंही काही विचारलं नाही. ते ताक पिऊन आपल्या कामाला लागले. पुढं त्यांचा एक दगड गुरांनी पाडला, तोही मामानं उचलून जागेवर ठेवला.

चावडीवर जमीन ताब्यात घेण्याची नोटीस लागली तेव्हा ओढ्यापलीकडचे लोक वकील गाठून हरकत घेऊन आले, आणि त्यांची विहिरीकडची जमीन वाचली. मामा आणि त्याच्या शब्दावर स्वस्थ बसलेले शेजारी, यांची मुदत टळून गेली. दादानं कचेरीत खूप खेटे घातले. तिथल्या बाबूनं सांगितलं, मोजणीच्या वेळी तुमच्याकडून कुणी अडवलं नाही. मामी हळूच म्हणाली, "मीच ताक दिलं त्येंला."

गावात नवीन बोलणं सुरू झालं, भाच्यानं मामाला चुना लावला. शेजाऱ्यांनी मामाशी बोलणं टाकलं. मला त्या लोकांचा संताप यायचा, पण त्यांची जमीनही मामाच्या शब्दानं गेली होती, हेही खरंच होतं. मामा-मामी भोसरीत एका खोलीत राहायला आले. दादा शाळेत फळ्यावर फुलदाणी काढून द्यायचा, त्यापलीकडं त्यानं पुन्हा काही काढलं नाही.

कंपनीची भिंत पुरी झाल्यावर मामानं ती बघायचा हट्ट धरला. आम्ही तिघं गेलो. भिंत ओढ्यापासून निघून चढावर गेली होती, नुकताच चुना मारलेली. धोंडे तिच्या पायात गेले असणार. मामा रस्त्याकडेला बसला आणि बराच वेळ बघत राहिला.

"ही बी तुझीच आखणी हाय म्हण," तो दादाला म्हणाला.

दादा बुटाच्या टोकानं माती उकरायला लागला.

"म्हण की रं. येकदा म्हण."

"माझीच आहे, मामा."

मला दोघांचाही राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. मामानं मान हलवली. "मंग बरं," म्हणाला, आणि उठून बसची वाट बघत उभा राहिला.