वेशीवरच्या काठ्या

नवीन काही दिसलं की नलांदूला ते मातीत खुपसून बघायचंच असे. न्झादी नदीच्या मुखाशी असलेल्या म्पिंडाच्या बंदरात ती ताडाचं तेल विकायला जाई. मक्याचे पहिले दाणे आमच्या किन्सेंदे गावात तिनेच तिथून आणले. लोक म्हणाले, हे डुकरांचं खाणं. पुढच्या वर्षी तेच लोक तिच्या शेताच्या कडेने उगाच फेऱ्या मारू लागले, तेव्हा तिने कुणाला टोमणा मारला नाही. मूठमूठ दाणे देऊन टाकले. मी त्या गावात सतरा वर्षं मुलांना अक्षरं शिकवली. तिचं शेत माझ्या झोपडीला लागूनच होतं.

ज्या वर्षीची ही गोष्ट आहे, त्या वर्षी समुद्रापलीकडून आलेल्या एका जहाजाच्या आचाऱ्याने तिला मडकंभर तेलाच्या बदल्यात काठ्यांची मोळी दिली. गाठीगाठींच्या, बोटाएवढ्या जाड. कसावा म्हणतात तो हाच. काठी लावली की खाली कंद धरतो, एवढं त्याने हातवारे करून सांगितलं. तो खायचा कसा, हे सांगायच्या आत त्याला कुणीतरी हाक मारली. ती जहाजं परत जाताना कुणाला साखळ्यांत भरून नेतात, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी मोठ्याने बोलत नसे.

काठ्यांनी मूळ धरलं आणि गावात देवीची साथ आली. तीन महिन्यांत एकोणतीस माणसं गेली. साथ ओसरता ओसरता कसाव्याला कंद धरले. लुतेतेची शेळी दोर तोडून नलांदूच्या शेतात शिरली, कच्चे कंद उकरून खाल्ले आणि संध्याकाळी पाय झाडून मेली. मग लोकांना दुसरा पुरावा लागला नाही.

लुतेते म्हणजे नलांदूचा धाकटा भाऊ. आमच्याकडे आईकडून घराणं चालतं आणि त्या घराण्याचा कारभार त्याच्याकडे होता. त्याच्या अंगणात सभा भरली. नलांदूच्या बहिणीची मुलगी फुतिला सर्वांत आधी उठली. तिचा सहा वर्षांचा मुलगा साथीत गेला होता.

"मावशी, तुझ्या काठ्या आल्या आणि महिना व्हायच्या आत माझं पोर फोडांनी भरलं. आता म्हण, काठ्यांनी काही केलं नाही!"

"त्याच जहाजातून तुझ्या गळ्यातले निळे मणी आले, फुतिला. त्यांना का नाही विचारत?"

हे बोलायला नको होतं, हे नलांदूला बोलतानाच कळलं असावं. फुतिलाने मणी तोडून धुळीत फेकले.

देवी कुणाबरोबर आल्या, हे मला सांगता येणार नाही. जहाज लागलं त्या दिवशी बंदरातून आमच्या गावात सातजण परतले होते. त्यांत मीही होतो. सभेत मी हे बोललो नाही.

"अक्का, तू नाल्यापलीकडे राहायला जा," लुतेते खाली बघत म्हणाला. "लोक शांत होईपर्यंत."

"आणि तिकडेच मेले तर? आईशेजारी पुरशील मला?"

गावाने बाहेर काढलेल्या माणसाला आम्ही आपल्या माणसांत पुरत नाही. नलांदू एकदाच मान हलवून उठली.

जे गावात परत येऊ नये ते वेशीवर जमिनीत उभं ठोकायचं आणि त्याला ताडाचं पान बांधायचं, म्हणजे ते तिथेच खिळून राहतं, अशी आमची रीत. त्याप्रमाणे कसाव्याची झाडं उपटली, त्यांच्या काठ्या केल्या आणि गावाभोवती हातहात अंतरावर ठोकल्या. पुरुषांनी दोन दिवस मन लावून हे काम केलं. वेळ पावसाच्या तोंडाची होती. कसाव्याची लागवड याहून चांगली कुणी केली नसती.

पहिल्या पावसाने ताडाची पानं कुजून गळली आणि काठ्यांना हिरवे कोंब आले. भीतीने कुणी हात लावला नाही. त्यानंतरचा पाऊस मात्र आलाच नाही. नाचणी पोटरीतच वाळली, मका करपला. गावाभोवतीचं ते हिरवं कुंपण तेवढं माणसाच्या डोक्यावर गेलं. लोक त्याच्याकडे पाठ करून रानात मुळं शोधायला जात.

एका सकाळी लुतेते नाल्यापलीकडे गेला. सोबत मला नेलं. एकट्याने जायची लाज वाटत असावी.

"अक्का, तुझ्याकडे रोज धूर दिसतो."

"चूल आहे. धूर निघायचाच."

"चुलीवर काय असतं?"

"तू ठोकलेल्या काठ्यांची मुळं."

लुतेते मागे सरकला. "माझी शेळी मेली त्याने!"

"शेळी तुझीच ती, घाईची. अरे, रानातल्या कडू करांद्याचं आई काय करायची? कच्चा खाल्ला तर तोही मारतो. तीन दिवस वाहत्या पाण्यात ठेवायचा. यालाही तसंच. मऊ पडून आंबूस वास सुटला की सोलायचं, कुटायचं, पानात बांधून वाफवायचं. आधी कोंबडीला घातलं, मग मी खाल्लं. दोघी आहोत अजून."

तिने पानातली एक गुंडाळी सोडली, आपण पहिला घास घेतला आणि उरलेलं त्याच्यापुढे धरलं. घराबाहेर काढलेल्या बाईच्या हातचं खाणं म्हणजे तिला पुन्हा आपली मानणं, हे दोघांनाही ठाऊक होतं. लुतेतेने खाल्लं. दुसरी गुंडाळी मागून घेतली.

"गावाला शिकव हे," तो म्हणाला. "घरात चार नातवंडं आहेत. धाकटी आता रडतही नाही."

नलांदू लगेच उठली. भरलेली टोपली ओढून तिने पानांनी झाकली. मग थांबली.

"खायला सगळ्यांना देईन, लुतेते. मी परकी झाले तरी देईन. पण मला कुठे पुरणार, ते सगळ्यांदेखत सांग."

"आईच्या डाव्या अंगाला," तो म्हणाला. "उजवी बाजू माझी आहे. ती मागू नकोस."

"तू लहानपणीही उजवी बाजूच घ्यायचास," ती म्हणाली आणि चालू लागली.

टोपली लुतेतेने आपल्या डोक्यावर घेतली. आमच्याकडे पुरुष डोक्यावर टोपली घेत नाही. तो तशीच ती घेऊन वेशीतून आत शिरला, पण कुणी हसलं नाही. अंगणाच्या मधोमध उभं राहून, टोपली न उतरवताच, त्याने आईच्या डाव्या बाजूचं सांगितलं. दोनदा सांगितलं, कारण मागच्या म्हाताऱ्यांना ऐकू आलं नव्हतं. मग कंद तीन दिवस पाण्यात भिजवायचे, तेही सांगितलं.

फुतिला दाराशी उभी होती. ती पुढे आली, घेण्याआधी करतात तसे दोन्ही हात हळूच वाजवले आणि ओंजळ धरली. नलांदूने त्यात एक गुंडाळी ठेवली.

"तीन दिवस भिजवायचं म्हणतात ना, मावशी?" फुतिलाने तिच्याकडे न बघता विचारलं. "कुठल्या पाण्यात?"

"वडाखालच्या वळणावर. तिथे पाणी संथ वाहतं," नलांदू म्हणाली. "आधी खा. मग जाऊ दोघी."