विहिरीवरची मोटर कोण चालू करतं

माझ्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर मेडिकलमधून आणलेली पांढरी चिकटपट्टी लावलेली आहे. बायको म्हणते, लॅपटॉपला लागलं-खुपलं असावं असं दिसतं. दिसू दे. आपल्या घरात आपण बनियनवर बसलेलो कोणाला दिसायचं आणि कोणाला नाही, हे ठरवायचा हक्क मी त्या काचेच्या टिकलीला दिलेला नाही.

मला यंत्रांचं वेड आहे आणि यंत्रांवर माझा काडीचाही विश्वास नाही. लोकांना या दोन गोष्टी एका माणसात कशा राहतात हे कळत नाही. नवीन वस्तू बाजारात आली की मला चैन पडत नाही, आणि ती घरात आली की मी तिच्यावर पाळत ठेवतो. एकदा मोबाईलमध्ये टॉर्चचं ॲप घेतलं, तर ते माझ्या सगळ्या ओळखीच्यांचे नंबर मागायला लागलं. उजेड पाडायला माझ्या मावशीचा नंबर कशाला पाहिजे? हातातलं घड्याळ तर पक्कं लबाड आहे. घाटंजीच्या रस्त्याने मोटारसायकलवर गेलो की खड्ड्यांचे सगळे धक्के ते पावलांत धरतं आणि घरी पोचल्यावर भरपूर चाललो म्हणून माझं अभिनंदन करतं. आणि हे जे नवीन, विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देणारं प्रकरण आलं आहे, त्याच्याशी मी रोज बोलतो, पण सावधपणे. जो कधीच 'मला माहीत नाही' म्हणत नाही, अशा माणसाला आमच्याकडे सोयरीक पाहायला सोबत नेत नाहीत.

ही सगळी मतं मी घरात जेवताना मांडतो. ऐकणारं कोणी नसतं असा माझा समज होता. पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर आई आमच्याकडे यवतमाळला राहायला आली, आणि ती सगळं ऐकत होती.

बाबा गावीच राहिले. कापूस फुटलेला, हरभरा पेरलेला, ते कसले येतात. गाव घाटंजीच्या अलीकडे, शेत गावाला लागून. बाबांना गेल्या काही वर्षांत ऐकू येणं जवळजवळ बंदच झालं आहे. कानाचं यंत्र मी हौसेने आणून दिलं होतं. ते त्यांनी दोन दिवस लावलं आणि 'भांडेच लय वाजतेत' म्हणून डबीत ठेवून दिलं. गावातल्या एकाच्या फोनवर व्हिडिओ कॉलही करून पाहिला. आम्हाला आधी त्यांचं कपाळ दिसलं, मग बराच वेळ घराच्या छपराचे टिन दिसले. शेवटी त्यांची खबरबात मी धुऱ्याच्या शेजाऱ्याला फोन करून विचारू लागलो. आमच्याकडे ज्याच्या शेताचा बांध आपल्या शेताला लागतो तो धुऱ्याचा शेजारी. त्याच्याशी बोलणं असतंच, पण विश्वास बेताचाच असतो.

आईला मी मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला. देताना नेहमीचं भाषणही दिलं, की यात माईक असतो, तो सगळं ऐकतो, बोलायचं ते विचार करून बोल. आईने तो फोन देवघराशेजारी ठेवला आणि त्यावर रुमाल झाकला. मला वाटलं, धूळ बसू नये म्हणून झाकला.

आता विहिरीवरच्या मशीनबद्दल सांगितलं पाहिजे. मोटरच्या स्टार्टरला जोडून एक पेटी बसवतात, तिच्यात सिमकार्ड असतं. आपण तिला फोन लावायचा. ती उचलते, लाईट आहे की नाही सांगते, एक दाबला की मोटर चालू, तीन दाबला की बंद. ज्यांचे नंबर तिच्यात नोंदवले आहेत त्यांचंच ती ऐकते. आमच्या भागात ही पेटी आता बहुतेक विहिरींवर आहे. मी मात्र थोडी महागातली बसवली, कारण तिचं ॲप आहे आणि मोटर केव्हा चालू झाली, कशाने बंद झाली, हे मला ऑफिसात बसून दिसतं. पेटीत दोन नंबर होते, माझा आणि बाबांच्या जुन्या बटनवाल्या फोनचा. बाबा तो फोन वापरत नव्हतेच. ते विहिरीवर जाऊन हातानेच बटन दाबायचे.

आई आल्यावर काही दिवसांनी मी सहज ॲप उघडलं आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. भरदुपारी मोटर चालू झाली होती आणि थोड्याच वेळात बंद झाली होती. मागचं पाहिलं तर रोज तेच. चालू झाली ती मोबाईलवरून. बंद झाली ती हाताने. एवढ्या वेळात हरभऱ्याची एक सरीसुद्धा भिजत नाही. मग मोटर कशासाठी चालू करायची? आणि मोबाईलवरून करणारा कोण? मी तर करत नव्हतो.

म्हणजे बाबांच्या नंबरवरून कोणीतरी करत होतं. मी ऑफिसातून त्या नंबरला फोन लावला. रिंग वाजली, कोणी उचलला नाही. परत लावला तर फोन बंद. आता मात्र माझी खात्री पटली. ज्याच्याजवळ तो फोन होता, त्याने माझा नंबर पाहून तो बंद केला होता. बाबा दिवसभर शेतात, घराला नुसती कडी, कोणीही जाऊन फोन उचलून न्यावा. मी इंटरनेटवर शोधाशोध केली. तिथे एका गृहस्थाने लिहिलं होतं की दूरच्या देशातले लोक अशा पेट्यांमध्ये शिरून आधी थोडं थोडं चालवून बघतात. आमच्या विहिरीत परदेशी माणसाला काय रस असेल, हा प्रश्न मला त्या क्षणी पडला नाही.

मग मी धुऱ्याच्या शेजाऱ्याला फोन लावला आणि आडून आडून विचारलं.

"दुपारी मोटर चालू होते ना आमची?"

"होते ना," तो म्हणाला. "पानी पडते हौदात."

"कोण चालू करते?"

"आता मले काय मालूम भाऊ? तुमची मोटर, तुमची विहीर. बाबायलेच विचारा."

बोलताना तो हसला. माझ्या अंगाची आग झाली. माणूस उगाच हसत नाही.

त्या संध्याकाळी मी ॲपमध्ये जाऊन बाबांचा नंबर काढून टाकला. आता पेटी फक्त माझं ऐकणार होती. जेवताना मी हा सगळा तपास विजयी वीराच्या थाटात सांगितला. बायको म्हणाली, "घरात तरी विचारायचं एकदा." आईचा घास हातातच राहिला.

"बंद केलं म्हंजे?" तिने विचारलं.

"म्हंजे चोराचा नंबर काढला. आता लावू दे त्याले किती लावते थे."

आई पोळी अर्धी ठेवून उठली. गुडघा दुखत असेल, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. आई सकाळपासून बेचैन होती. वॉकर घेऊन गॅलरीत जायची, परत यायची. दुपार कलायला लागली तशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मले गावाले नेऊन दे."

"काहून? टाके ओले आहेत अजून. डॉक्टर पायरी चढू नको म्हणते अन् तू बसमधी चढतं?"

"नेऊन दे म्हणलं ना."

कारण सांगेना. मला संशय आला की बाबांची तब्येत बिघडली असावी आणि ही माझ्यापासून लपवते आहे. ती परत गॅलरीत गेली, तसा मी चपला न घालता मागे गेलो. ती पाठमोरी खुर्चीवर बसली होती. ओव्याची डबी आणि चष्मा ठेवायची तिची कापडी पिशवी मांडीवर होती आणि हातात काहीतरी होतं. त्यातून बाईचा कोरडा आवाज आला. "हा नंबर नोंदवलेला नाही." आईने पुन्हा बटन दाबलं. पुन्हा तोच आवाज.

तिच्या हातात बाबांचा फोन होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा माझ्या गॅलरीत वाजत होता.

"आई, हा फोन तुह्याजवळ कसा?"

ती दचकली नाही. कंटाळून गेली होती.

"त्याईले कायले पाहिजे फोन? ऐकू तर येत नाई. म्हून मी आणला."

मग तिने सांगितलं. गावाहून निघण्याआधीच दोघांचं ठरलं होतं. बाबा दुपारी हौदाजवळच्या निंबाखाली भाकर खायला बसतात. त्या वेळी आईने इथून मोटर लावायची. बाबांना रिंग ऐकू येत नाही, बोलणं ऐकू येत नाही, पण हौदात पडणारं पाणी दिसतं. पाणी पडलं म्हणजे ही बरी आहे. मग बाबांनी उठून जाऊन मोटर हाताने बंद करायची. थोड्या वेळाने आई परत पेटीला फोन लावायची. मोटर बंद आहे, असं पेटीतली बाई म्हणाली की बाबा बरे आहेत, शेतात आहेत, जेवायला बसले आहेत.

"मंग मले काहून नाई सांगतलं?" मी विचारलं. "अन् मी फोन लावला तं बंद काहून केला?"

"तुले काय सांगाचं त्याच्यात? आमच्या दोघायचं हाय थे."

"मोठा फोन देला होता ना तुले."

"थो ऐकते म्हणे सगळं," आई म्हणाली. "तूच म्हणत होता."

मला खूप शरम वाटली. हे मी लपवत नाही. जन्मभर ज्याच्या-त्याच्यावर संशय घेतला, त्या संशयाचं एक कलम माझ्याच आईने आपल्या पिशवीत लावलं होतं, आणि ते माझ्यापासून लपवण्यासाठी.

मी लगेच ॲप उघडलं. नंबर परत नोंदवायला किती वेळ लागतो? पण पेटीच उत्तर देईना. तिचं नेटवर्क गेलं असावं, ॲप नुसतं गोल गोल फिरत राहिलं. शेजाऱ्याला फोन लावला. तो घाटंजीच्या बाजारात होता. "सकायी दिसले होते बाबा," म्हणाला. "मंगानं पाह्यलं नाई." त्याने आपल्या घरी फोन करून चौकशी करवली. त्याच्या बायकोचा निरोप आला, की शेतात कोणी नाही, हौदाजवळ भाकरीचा डबा तसाच बांधलेला पडला आहे आणि घराला कुलूप आहे.

बाबा कुलूप लावत नाहीत. आईने हे ऐकलं आणि ती भिंतीला टेकून बसली. मी मोटारसायकलची किल्ली शोधायला लागलो. ती समोर असून सापडत नव्हती. सगळे विचार वाईटच येत होते. विहिरीच्या काठावर जाऊन, मोटर का चालू झाली नाही म्हणून बाबा वाकून पाहताना मला दिसत होते. जगातल्या नाही नाही त्या धोक्यांवर मी नजर ठेवून होतो आणि हा धोका मी स्वतःच्या बोटाने तयार केला होता.

किल्ली सापडली. मी दार उघडलं आणि फाटकाशी बाबा उभे होते.

एसटीने आले होते. धोतराला शेताची माती तशीच, हातात रिकामी थैली. फाटकाची कडी त्यांना जमत नव्हती. मी ओरडून विचारलं, "बाबा, असे अचानक?" त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकू आलं असेल तरी ते माझ्याकडे आलेच नव्हते. मला बाजूला सारून ते आत गेले. आई भिंतीला टेकून बसलेली होती. तिच्यासमोर ते वाकले, आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग गुडघ्याकडे, मग परत तोंडाकडे. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे मोठ्याने म्हणाले,

"आज पानी नाई आलं. म्हून पाह्यले आलो."

आईने मान हलवली. बोलून उपयोग नव्हता. तिने त्यांच्या धोतराची माती झटकली आणि बायकोला म्हणाली, "यायचं जेवन राह्यलं. ताट कर."

मशीनचं काय झालं होतं ते बाबांना कोणी सांगितलं नाही. कापूस उभा आहे म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच ते परत निघाले. मी त्यांना बसमध्ये बसवून आलो. तोवर पेटी पुन्हा बोलायला लागली होती. मी आईच्या पुढ्यात बसून नंबर परत नोंदवला आणि बटन दाबून झाल्यावर तिला दाखवलाही. तिने चष्मा लावून एक एक आकडा तपासून घेतला.

दुपारी आईने फोन बैठकीत, आमच्या सगळ्यांसमोर काढला. एक दाबला. पेटीतल्या बाईने सांगितलं, मोटर चालू झाली आहे. आईने फोन मांडीवर ठेवला. बस वेळेवर घाटंजीला लागली असेल का, तिथून गावची गाडी मिळाली असेल का, कोणाला माहीत नव्हतं. बायकोने ताटं वाढली, पण कोणी जेवायला बसलं नाही. मी ॲप उघडून धरलं होतं आणि यंत्राने माझ्याशी खरं बोलावं असं आयुष्यात पहिल्यांदा मला मनापासून वाटत होतं.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग पडद्यावर ओळ उमटली. मोटर हाताने बंद केली.

मी वाचून दाखवणार तेवढ्यात आईने स्वतः फोन लावला, पेटीतल्या बाईचं ऐकून घेतलं आणि फोन पिशवीत ठेवला.

"पोचले," ती म्हणाली. "चला, जेवा आता."