मॅडमच्या जेवणाची वही

आम्लपित्ताच्या पेशंटला नुसतं "काल काय खाल्लं?" विचारा, किस्सा मिळतोच! मुलुंडला वैद्य मॅडमच्या दवाखान्यात मी सहा वर्षं टोकन देतेय. त्याआधी तिथलीच पेशंट होते. छातीतली जळजळ गेली, मी राहिले. मॅडमचे उपकार मी विसरूच शकत नाही.

मॅडमचा नियम एकच. प्रत्येकाने वही ठेवायची: काय खाल्लं, किती वाजता आणि कोणाबरोबर. औषध नंतर, वही आधी!

घाटकोपरच्या एका दुकानदारांना वडापाव बंद सांगितला. पंधरा दिवसांनी वहीत रोज पाव आणि लसणाची चटणी. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं, तर ते शांतपणे म्हणाले, "वडा सोडला ना, मॅडम."

एका आयटीवाल्याची वही म्हणजे आदर्शच. महिनाभर जेवण ठीक एक वाजता, 'कोणाबरोबर'च्या रकान्यात रोज 'लॅपटॉप'. फक्त सगळी पानं त्याने आमच्या बाकावर बसून, माझंच हिरवं पेन मागून भरली होती!

भांडुपच्या सावंतकाकींना मुगाचं कढण दिलं, तर जळजळ वाढली. चौकशीत कळलं, काकी त्याला मालवणी मसाल्याची झणझणीत फोडणी देत होत्या. "नुसते मूग कसे गिळूचे गो बाय?" मॅडम हसल्या आणि तूप-जिऱ्याची फोडणी सांगितली. काकींना उतार पडला, तेव्हापासून दवाखाना त्यांना घरासारखा.

एक गोष्ट मात्र मलाच ठाऊक होती. सगळ्यांना वेळेवर जेवायला सांगणाऱ्या मॅडमचा डबा साडेतीनला उघडायचा, कधी तसाच घरी जायचा. ड्रॉवरमध्ये अ‍ॅसिडिटीची गुलाबी बाटली असायची. गेल्या महिन्यात पेशंट तपासतानाच त्या छाती धरून खाली बसल्या. ईसीजी नॉर्मल आला, पित्तच होतं, पण तोवर माझा जीव टांगणीला लागला होता. मी काकींना सगळं सांगून टाकलं.

पुढच्या सोमवारी बरोबर एक वाजता काकी उठल्या. दारावरची पाटी उलटी केली आणि मॅडमसमोर कोरी वही ठेवली.

"आता टोकन तुमचा. आधी जेवा, मगे आमका तपासा."

बाहेर बाकांवर डबे उघडले होते. काकींनी सगळ्यांना आधीच फोन केले होते. दुकानदारांनी चक्क भात आणला होता, आयटीवाला लॅपटॉप घरी ठेवून आला होता. मॅडमनी आपला डबा उचलला. त्या येऊन आमच्यात बसल्या.

संध्याकाळी टेबल आवरताना वही उघडीच दिसली. वरण-भात, तूप. एक वाजून पाच मिनिटं. कोणाबरोबर: घरच्यांबरोबर.