पाला तापतो

बायको गेली तेव्हा तिनं पेरलेली मेथी दोन पानांवर होती. तेराव्याचे पाहुणे पांगले आणि आठवड्याच्या आत ती काढायला आली. मेथीला दुखवटा कळत नाही. चार दिवस उशीर केला की देठं जून होतात, फूल धरतं, मग तिला कोणी विचारत नाही. बायकोच्या हातचं शेतात एवढंच उरलं होतं. ते वाया जाऊ द्यायचं नाही, कुणाच्या तरी ताटात पोचवायचं, एवढं मी मनाशी धरलं.

आमचं शेत चाकणच्या पलीकडे, माल जातो पिंपरीच्या मंडईत. पंचवीस वर्षं टेम्पो मी चालवला आणि ती मागं हौद्यात, मालाबरोबर. माझ्या शेजारची जागा रिकामीच. सुरुवातीला मी म्हणायचो, "पुढं बस की. भाजी काय पळून जातीय व्हय?"

"आवं, पाला तापतो. तुमी आपली गाडी बघा."

पाला तापतो म्हणजे जुड्या दाबून रचल्या की आतल्या आत गरम होतात, पिवळ्या पडतात, मग काळ्या. पूर्वी तासाभरात पिंपरी यायची. आता कंपन्यांच्या बस, कंटेनर, पहिल्या शिफ्टची गर्दी. चाकणच्या चौकातच दीड-दोन तास जातात. मी पुढं बसून शिव्या द्यायचो, मागून तिची खुडबूड ऐकू यायची. पाण्याचा कॅन मीच भरून द्यायचो, म्हणजे ती पाणी मारते एवढं मला ठाऊक होतं. आरशात नुसता पदर दिसायचा. मंडईत पोचलो की मी चहाला जायचो, नाहीतर केबिनमध्येच आडवा व्हायचो. माल उतरवायची ती आणि आमची भाजीवाली. ही भाजीवाली चिखलीत राहणारी, मूळची मराठवाड्यातली, माझ्या लेकीच्या वयाची. वर्षानुवर्षं आमचाच पाला विकते.

तर सून आणि मी मिळून निम्मे वाफे संध्याकाळी उपटले. सकाळी जुड्या टेम्पोत दाबून रचल्या आणि वर दोन बादल्या पाणी ओतलं. कशी हिरवीगार दिसायला लागली! त्यावर ताडपत्री ओढून करकचून बांधली. मला वाटलं, चला, तिच्यापेक्षा झ्याक जमलं.

त्या दिवशी चौकात एक कंटेनर आडवा झालेला. उन्हं वर आली तेव्हा कुठं अर्ध्या वाटेवरची मोशी गाठली.

मंडईत ताडपत्री सोडली तर आतून वाफ आली. भाजी शिजताना येतो तसा वास. जुडी उचलली तर पाला बोटांना चिकटून आला. भाजीवालीनं खालपर्यंत हात घातला आणि माझ्याकडं बघितलं.

"बाबा, पाल्यावर पाणी ओतलंत?"

"मग? ती ओतायचीच की."

"कवा? मावशी गोणपाट भिजवायच्या. पाला कोरडा ठाक. मधी हवा जायला आडासारखी पोकळ जागा सोडायच्या. अन् वाटेत आतल्या जुड्या वर, वरच्या आत. तुम्ही नवरा का कोण त्यांचे?"

पंचवीस वर्षं माझ्या पाठीमागं दोन हातांवर चाललेलं काम, ते मला परक्या बाईनं सांगावं लागलं.

कडेच्या दहा-बारा जुड्या तेवढ्या तिनं वेगळ्या काढल्या. बाकीची मी स्वतः कोपऱ्यात नेऊन टाकली. तिथं आधीच ढीग होता. फुटके टोमॅटो, काळा पडलेला फ्लॉवर, कोथिंबीर. रोजचाच ढीग तो. इतकी वर्षं त्याला वळसा घालून मी चहाला जायचो. कुणी तरी पहाटे उठून काढलेलं, चांगलं निघालेलं, वाटेत मेलेलं. त्या दिवशी त्यात आमचं होतं. रडलो नाही म्हटलं तर खोटं होईल. भाजीवालीनं पाठ फिरवून लसूण निवडायला घेतला.

घरी मुलगा शिफ्ट संपवून जेवत होता. म्हणाला, "आबा, उरलेलं सोडा आता. रविवारी रोटर मारून जमिनीत गाडून देतो."

"तुझ्या आईनं पेरलीय."

"म्हणून काय तुम्ही मरायचं का तिच्यासाठी?"

"मरत न्हाई मी. गाडी तू चालव. मी मागं उभा राहतो."

"तुम्ही मागं? ह्या वयात? पडाल राव!"

"ती पडली का कधी?"

त्यानं ताट सरकवलं. बराच वेळ हात धूत राहिला. मग म्हणाला, "उद्या कंपनीत सुट्टीचं सांगतो. परवा जाऊ."

भाजीवालीला फोन करून मी सगळं पुन्हा विचारून घेतलं. मुळं बाहेर, शेंडे आत, मधे जागा. उरलेले वाफे उपटून तसंच रचलं, गोणपाट भिजवून पिळलं आणि वर सैल टाकलं. ताडपत्री घरीच ठेवली.

हौद्यात चढलो तेव्हा दिसलं, केबिनच्या बाजूला लोखंडी दांड्याला तिनं साडीच्या काठाची कडी बांधून ठेवली होती, धरायला. टेम्पो माझा, पण ती कडी मी कधी बघितली नव्हती. तीत हात घातला. तिच्या मनगटाच्या मापाची, मला घट्टच झाली. आणि ती बसत नव्हती हेही तेव्हा कळलं. बसायला जागाच नाही. प्रत्येक खड्ड्याला गुडघ्यातून कळ निघते. कंबर दुखते म्हणायची तेव्हा मी म्हणायचो, "बसूनच तर येतीस." असं बोललो मी, अनेकदा. आता कुणापाशी परत घेऊ?

चौकात गाडी थांबली. मी गोणपाट उचललं, मधल्या जुड्या वर घेतल्या, वरच्या आत सारल्या, पुन्हा गोणपाट भिजवलं. शेजारी कंपनीची बस. खिडकीतून एक पोरगं ओरडलं, "काय आजोबा, मेथीला मालिश करताय का?"

"व्हय. ये खाली, तुझी पण करतो."

बसमधली सगळी हसली. मीही हसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा. मुलानं पुढून मान बाहेर काढली, "आबा, बरंय ना?"

"बरंय. तू गाडी बघ."

तीन वेळा उलथापालथ केली, दोनदा गोणपाट भिजवलं. मंडईत भाजीवालीनं पुन्हा खालपर्यंत हात घातला. काढला तेव्हा नुसती म्हणाली, "उतरवा."

एकही जुडी कोपऱ्यात गेली नाही. पण भाजीवालीच्या शेजारी बसून मी जाणारी एकेक जुडी मोजत राहिलो. वाचवायची म्हणून धडपडलो, आणि ती वाचली म्हणजे निघालीच की. घरी न्यायला एक जुडी बाजूला ठेवावी म्हणून हात पुढं केला, पण रात्रपाळीवरून परतणारी एक बाई आली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. शेवटच्या दोन जुड्या उरल्या होत्या. तिनं दोन्ही उचलल्या.

"काका, जून तर नाही ना? पोरं खात नाहीत मग."

कुणी पेरली ते सांगावंसं वाटलं. पण बाई दमलेली होती, पिशवी उघडून उभी होती. मी तिच्या हातून जुड्या घेतल्या, मुळाची माती झटकली आणि पिशवीत सरळ उभ्या ठेवल्या, पाला दबू नये अशा.

"कोवळी हाय बाई," म्हणालो, "देठं फेकू नका."